न्यूयॉर्कच्या हिमवादळाचे माहात्म्य

१२ मार्च १८८८, सोमवार. त्या सकाळच्या न्यूयॉर्क 'हेरल्ड' पत्रात वॉल्ट व्हिटमनची एक चिमुकली कविता छापून आली होती. विषय, हिवाळा सरल्यावर गवतातून डोके वर काढणारे डँडेलियनचे पहिले रानफूल. ज्यांच्या हाती ते पत्र पडावयाचे, त्यांतील पुष्कळांना त्या सकाळी आपल्या घराचे दारही उघडता येईना. आदल्या दिवसभर पडणारा पाऊस मध्यरात्रीनंतर बर्फ होऊन कोसळू लागला होता आणि वाऱ्याने तो बर्फ दारांशी, खिडक्यांशी रचून ठेवला होता. कवीचा यात काही अपराध नव्हता. रविवारी वेधशाळेनेही हवा निवळेल असेच भाकीत केले होते.

या वादळाचे आकडे आधीच सांगून टाकतो. कारण मला लिहावयाचे आहे ते वादळाविषयी तितकेसे नव्हे, जितके त्याच्यावर रचल्या गेलेल्या वाङ्मयाविषयी. न्यूयॉर्क शहरात सुमारे २१ इंच बर्फ पडला. नदीपलीकडील ब्रुकलिनमध्ये, जे तेव्हा स्वतंत्र शहर होते, २६ इंच. उत्तरेस ऑल्बनी येथे ४६ इंचांहून अधिक. ज्यांचे आयुष्य कोकणच्या पावसात गेले त्यांना एकवीस इंच हा आकडा फारसा भयप्रद वाटणार नाही. पण हिमवादळ म्हणजे केवळ बर्फ नव्हे. पडलेला आणि पडत असलेला बर्फ वारा उडवीत राहतो, हाताच्या अंतरावरचे दिसेनासे होते, आणि तो बर्फ कोठे रस्ता उघडा ठेवतो तर कोठे वीस-वीस फूट उंचीचे ढीग घालतो. पारा उणे चौदा अंश सेल्सियसपर्यंत उतरला. उंच खांबांवरून धावणाऱ्या आगगाड्या मध्येच अडकून पडल्या आणि त्यांत सुमारे पंधरा हजार माणसे लोंबकळत राहिली. शेअर बाजारात अकराशेच्या आसपास सभासदांपैकी तीसेक हजर होते. तारा तुटल्यामुळे न्यूयॉर्क आणि बॉस्टन या दोन शहरांना एकमेकांची खबर घ्यावयास अटलांटिक समुद्राखालच्या तारेने लंडनमार्फत निरोप धाडावे लागले. मंगळवारी ईस्ट नदीवर बर्फाचा पूल झाला, त्यावरून शेकडो लोक ब्रुकलिनहून चालत आले, आणि भरती-ओहोटीने तो पूल फुटल्यावर काहीजण तरंगत्या लाद्यांवर वाहत गेले. सगळ्या पूर्व किनाऱ्यावर मिळून चारशेच्या वर माणसे मेली; त्यांतील सुमारे दोनशे न्यूयॉर्क शहरात.

इतके झाल्यावर या वादळाविषयी विपुल लिहिले गेले यात नवल नाही. न्यायालयाच्या गेल्या उन्हाळी सुटीत यांतील बरेचसे लेखन मी एकत्र ठेवून वाचले, आणि वाचताना मला वारंवार एका अगदी निराळ्या वाङ्मयप्रकाराची आठवण होत राहिली. ज्यांचे बालपण देवळाच्या अग्रशाळेत आणि तळीच्या पायऱ्यांवर गेले त्यांना स्थलपुराण म्हणजे काय हे सांगावयास नको. स्थलपुराणात देवळाभोवतालची प्रत्येक वस्तू देवाच्या एखाद्या कृतीतून उत्पन्न झालेली असते. तळी म्हणजे देवाने मारलेल्या बाणाची खूण, खडक म्हणजे मारलेला असुर. गवंडी, सुतार, आणि वर्गणी देऊनही ती वेळेवर न देणारे महाजन यांना तेथे स्थान नसते. देवस्थानच्या दाव्यांत आम्हां वकिलांच्या टेबलावर माहात्म्याची पोथी आणि जमाखर्चाची वही अशा दोन्ही वस्तू येतात. पोथी खोटी असते असे मी म्हणणार नाही. तिचे सत्य निराळ्या जातीचे असते. पण तळी कोणी बांधली आणि ती गळू लागली तेव्हा कोण गप्प बसले, या प्रश्नांची उत्तरे वहीतच शोधावी लागतात. न्यूयॉर्कच्या हिमवादळाविषयीचे बहुतेक लेखन हे माहात्म्य आहे. त्याची वही उघडावी एवढाच या लेखाचा हेतू.

आरंभ अर्थात या वाङ्मयातील सर्वोत्तम कृतीने केला पाहिजे. तिचा कर्ता न्यूयॉर्कचा नव्हे, इंग्रजी भाषेचाही नव्हे. होसे मार्ती हा क्यूबाचा कवी स्पेनच्या सत्तेविरुद्ध बोलल्यामुळे परागंदा होऊन १८८० पासून न्यूयॉर्कला राहत होता आणि दक्षिण अमेरिकेतील वृत्तपत्रांना तेथून वार्तापत्रे पाठवून पोट भरीत होता. वादळाच्या वेळी त्याचे वय पस्तीस. पुढे सात वर्षांनी क्यूबाच्या रणांगणावर तो पडला. हिमवादळावरील त्याचा लेख ब्वेनोस आइरेसच्या 'ला नासिओन' पत्रात एप्रिल १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या आजोबांच्या पिढीतील मडगाव-पणजीचे वकील पोर्तुगीजमध्ये शिकलेले. त्यांनी मार्तीचे स्पॅनिश थोड्या सायासाने मुळातूनच वाचले असते. मला इंग्रजी भाषांतरावर भागवून घ्यावे लागले, हे वाचकांनी माझ्या मताचे वजन करताना ध्यानात ठेवावे.

लेखाच्या प्रारंभी वादळ नाहीच. आहे तो वसंत. सेंट्रल पार्कमधील एका देवदारावर घरटे टांगणारा हळद्याच्या जातीचा पहिला पक्षी, उघड्या झाडांवर फुटलेली कोवळी लव, रस्त्यांत दिसू लागलेल्या गवती टोप्या, अशा खुणा तो एकामागून एक इतक्या सावकाश मांडीत जातो की, नमनालाच घडाभर तेल जळते आहे की काय अशी शंका यावी. ही शंका रास्त नाही. मार्तीने आदल्याच वर्षी व्हिटमनवर एक मोठा निबंध लिहिला होता. व्हिटमनचे फूल आणि मार्तीचा पक्षी ही एकाच मार्च महिन्याची लेकरे आहेत. परंतु कवीच्या वसंताला वादळाने गाठले, आणि वार्ताहराने आपला वसंत वादळ पाहून झाल्यावर जाणूनबुजून पुढे ठेवला. रविवारी रात्री निजलेल्या माणसाला सोमवारविषयी काय ठाऊक होते, हे त्याला वाचकाच्या अंगात भिनवावयाचे आहे. नंतरच्या लेखकांपैकी एकालाही हे साधलेले नाही. ते पहिल्याच ओळीत मृतांची संख्या सांगतात. मग त्या सकाळी इतकी माणसे घराबाहेर का पडली, हे कोडे वाचकाला उलगडतच नाही.

आणि ती पडली. या लेखात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच, की मार्तीची नजर कामावर निघालेल्या माणसांवरून ढळत नाही. अर्ध्या वाटेवर अडकलेली उंच मार्गावरची गाडी, तीत तासन्तास थंडीत कोंडलेली माणसे, त्यांचे शिडीवरून उतरणे हे सारे त्याच्या लेखात येते. पण गंमत म्हणून येत नाही. एक दिवस न गेल्यास रोजगार बुडेल, कदाचित नोकरीही जाईल, या भीतीने बाहेर पडलेल्या माणसाची ती गाडी आहे. मार्ती हे शब्दांत सांगत बसत नाही. तो माणसे पुढे आणि वर्णन मागे ठेवतो.

तथापि दोन ठिकाणी माझे त्याच्याशी जमत नाही. लेखात एके ठिकाणी तो म्हणतो की, त्या दिवसांत माणसांना आपल्या क्षुद्रतेची जाणीव झाली आणि एकमेकांविषयी अकस्मात दयाभाव दाटून आला. असे झाले असेल. महापुरानंतर आपणही ते पाहिले आहे. पण त्याच सोमवारी अडकलेल्या गाड्यांखाली शिड्या लावून उतरणाऱ्यांकडून दरडोई पैसे घेणारे लोक होते, भाड्याच्या बग्ग्यांचे दर आकाशाला भिडले होते, आणि कोळसा महागला होता. कोळशाची महागाई श्रीमंताच्या ध्यानातही आली नसेल, कारण त्याचे तळघर हिवाळ्याआधीच भरलेले. चाळीवजा इमारतींतील माणूस मात्र रोजची बादली रोज विकत घेणारा. दया आणि बाजार एकाच रस्त्यावर शेजारी-शेजारी उभे होते. मार्तीसारख्या डोळस माणसाने त्यांतील एकावरच लेखाचा सूर लावावा, हे मला अपुरे वाटते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्याच्या लेखातही वादळ एखाद्या बलाढ्य जिवंत प्राण्यासारखे वावरते. जे घडते ते सर्व त्याच्या हातून घडते. तीन दिवसांत लिहिलेल्या वार्तापत्राला याबद्दल दोष देणे कठोरपणाचे होईल. पण पुढच्या लेखकांजवळ तीस-चाळीस वर्षे होती, आणि त्यांनी मार्तीचे गुण टाकून नेमका हा दोष उचलला.

१९२९ मध्ये या वादळातून वाचलेल्या लोकांनी न्यूयॉर्कमध्ये एक मंडळ स्थापन केले. नाव, 'ब्लिझर्ड मेन ऑफ १८८८'. दरसाल ते जमत, जेवत, आणि आपापल्या आठवणी सांगत. या आठवणी वाचताना हसू येते, कौतुक वाटते आणि थोड्या वेळाने कंटाळा येतो. जमणारे सगळे वादळाच्या वेळी मुलगे किंवा तरुण होते. त्यांच्या आयुष्यातील तो पहिला पराक्रम होता. ढीग दर वर्षी फूटभर उंच होत गेले असावेत असा मला संशय आहे. परंतु खरी उणीव अतिशयोक्तीची नाही. आठवण सांगावयास जो उरतो तो तगलेला माणूस असतो, आणि बहुधा पुढे बरे दिवस पाहिलेला. बादलीने कोळसा घेणाऱ्यांचे मंडळ कोणी स्थापन केले नाही.

या सर्व आठवणींत आणि पुस्तकांत एक कथा न चुकता येते, आणि ती आमच्या व्यवसायातील माणसाची असल्यामुळे तिच्यावर थोडे रेंगाळण्याची मुभा मी घेतो. रॉस्को काँकलिंग हा न्यूयॉर्कचा माजी सिनेटर. बोलण्यात मातब्बर, वागण्यात ताठ. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक होऊन सिनेटची संमती मिळाल्यावरही १८८२ मध्ये ती नाकारणारा. वादळाच्या वेळी तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. सोमवारी संध्याकाळी वॉल स्ट्रीटवरील आपल्या कचेरीतून तो घरी निघाला. बग्गीवाल्याने पन्नास डॉलर मागितले असे सांगतात. त्याने ते साफ नाकारले आणि तो ब्रॉडवेने उत्तरेस चालत निघाला. युनियन स्क्वेअरजवळ तो बर्फात रुतला. कसाबसा निघून, सुमारे तीन मैल चालून, मॅडिसन स्क्वेअरजवळच्या आपल्या क्लबच्या दाराशी तो कोसळला. त्यातून त्याने अंथरूण धरले आणि १८ एप्रिलला तो गेला. १८९३ मध्ये मॅडिसन स्क्वेअरच्या उद्यानात त्याचा पुतळा उभारला गेला.

ही कथा सांगताना प्रत्येक लेखक तिला मानी पुरुषाची शोकांतिका करतो. पन्नास डॉलरांवर मात्र कोणी थांबत नाही. काँकलिंगला ते परवडत होते. त्याने नाकारले ते अडलेल्या माणसाची नाडवणूक सहन न झाल्यामुळे. म्हणजे त्याला मारले ते एकट्या बर्फाने नव्हे. दराविषयीच्या वादानेही मारले. ज्याने रेल्वे कंपन्यांची वकिली केली त्या माणसाच्या बाबतीत यातील उपरोध लेखकांना दिसू नये, याचे मला आश्चर्य वाटते.

आता वही उघडू. इंग्रजी कायद्यात 'ॲक्ट ऑफ गॉड' म्हणून एक संज्ञा आहे. आपल्याकडे तिला 'दैवी कृत्य' म्हणतात. ती वापरणाऱ्या पक्षकाराला पुष्कळदा वाटते की, मोठा पाऊस झाला, वादळ झाले, एवढे दाखविले की आपण सुटलो. तसे नाही. १८७६ च्या निकल्स विरुद्ध मार्सलंड या दाव्यात कृत्रिम तलाव अतिवृष्टीने फुटून पूल वाहून गेले, आणि तलावाची मालकीण सुटली. पण ती सुटली याचे कारण तिची काही हयगय नव्हती आणि तसा पाऊस कोणाच्या कल्पनेतही नव्हता, असे ज्यूरीला आढळले म्हणून. उलट १९१७ च्या ग्रीनॉक येथील दाव्यात तसाच असामान्य पाऊस पडूनही हा बचाव मानला गेला नाही. देवाच्या नावावर किती खपवून घ्यावयाचे याला कायदा मर्यादा घालतो. हे पुष्कळ भाविकांपेक्षा अधिक भाविकपणाचे आहे, असे मला कधी कधी वाटते.

ही कसोटी न्यूयॉर्कच्या तारांना लावून पाहावी. शहरातील रस्त्यांवर उंच लाकडी खांब होते आणि एकेका खांबावर आडव्या पट्ट्यांच्या रांगांवर असंख्य तारा: तारायंत्राच्या, दूरध्वनीच्या, विजेच्या दिव्यांच्या. वादळात त्या तुटून रस्त्यांवर पडल्या आणि शहर मुके झाले. प्रत्येक लोकप्रिय इतिहासात पुढचे वाक्य ठरलेले आहे: या आपत्तीमुळे शहाणे होऊन न्यूयॉर्कने आपल्या तारा जमिनीखाली घातल्या. वही निराळे सांगते. पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत सर्व तारा १ नोव्हेंबर १८८५ पूर्वी जमिनीखाली न्याव्यात, असा कायदा न्यूयॉर्क राज्याने १८८४ मध्येच केला होता. कंपन्यांनी तो पाळला नाही. मग मंडळे नेमली गेली, खर्च कोणी करावयाचा यावर वाद झाले, मुदती उलटल्या. अशा स्थितीत वादळ आले. म्हणजे खांब कोसळणे ही जर देवाची करणी असेल, तर तिची लेखी सूचना कंपन्यांना पावणेचार वर्षे आधी मिळाली होती.

बरे, वादळानंतर तरी ताबडतोब काही झाले काय? महापौर ह्यू ग्रँट याच्या कारकिर्दीत १८८९ मध्ये खांब तोडण्यास प्रारंभ झाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तारकंपनीचा एक कामगार खांबावर काम करताना विजेच्या धक्क्याने, खालच्या गर्दीच्या डोळ्यांदेखत, तारांत अडकून मेला. लोक खवळले. तेव्हाही विजेच्या कंपन्या न्यायालयातून मनाईहुकूम आणून बसल्या होत्या, आणि तो उठल्यावरच कुऱ्हाडी पुन्हा चालू लागल्या. दोनशे माणसे मेल्यावर जे हलले नाही ते एका माणसाच्या मरणाने हलले, असा याचा अर्थ मी करीत नाही. वादळाने साक्ष दिली. निकाल पुष्कळ उशिरा आणि दुसऱ्यांच्या खटपटीने लागला. पण माहात्म्यात त्या कामगाराला जागा नाही. तेथे सगळे श्रेय बर्फाला.

भुयारी रेल्वेची कथा तर याहून ठळक आहे. 'या हिमवादळातून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा जन्म झाला' हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचले की, शेवटी त्याच्या तारखा जुळवून पाहणे भाग पडले. महापौर एब्रॅम ह्युइट याने शहराच्या पैशाने जलद रेल्वे बांधावी, अशी योजना नगरसभेपुढे ठेवली ती ३१ जानेवारी १८८८ रोजी. वादळ आले सहा आठवड्यांनी. आणि वादळ येऊन गेल्यावरही नगरसभेने ती योजना स्वीकारली नाही! पुढे १८९४ मध्ये नवा कायदा झाला, त्यावर लोकांचे मत घेतले गेले, आणि पहिली भुयारी गाडी धावली २७ ऑक्टोबर १९०४ रोजी. बापाचा जन्म मुलानंतरचा, आणि प्रसूतीला सोळा वर्षे. इतकी अवघड वंशावळ आमच्या पुराणांतही क्वचितच सापडेल.

माझा आक्षेप तपशिलाच्या चुकीला नाही. चुका सर्वांच्या होतात. आक्षेप असा की, या कथनपद्धतीत वादळ मारणाराही होते आणि सुधारणाराही होते, व दोन्हींच्या मधली माणसे अदृश्य होतात. ज्यांनी चार वर्षे कायदा गुंडाळून ठेवला ते सुटतात. आणि ज्यांनी वादळाआधी, कोणी ऐकत नसताना, योग्य ते सांगितले त्यांचे श्रेय बुडते. ह्युइट हा त्यांतला. तो लोकप्रिय नव्हता, आणि पुढच्याच निवडणुकीत पडला.

याच रीतीचा आणखी एक परिणाम. त्याच वर्षी, दोनच महिने आधी, १२ जानेवारीला अमेरिकेच्या मध्यभागातील डाकोटा-नेब्रास्काच्या माळरानावर असेच हिमवादळ आले. सकाळ उबदार होती, मुले शाळेत गेलेली. दुपारी वादळ आले आणि घरी परतताना पुष्कळ मुले माळावर गारठून मेली. मृतांची संख्या सुमारे २३५ धरतात. म्हणजे न्यूयॉर्क शहरात गेले त्यांहून कमी नव्हे. परंतु तेथे शेअर बाजार नव्हता, सिनेटर नव्हता, आणि नंतर बांधलेली भुयारी रेल्वेही नव्हती. म्हणून जगाच्या स्मरणात १८८८ चे हिमवादळ म्हटले की न्यूयॉर्कच उभे राहते. त्या माळरानावरील वादळाविषयी चांगले ग्रंथ झाले आहेत. त्यांत सुधारणेची सुखान्त कथा नसल्यामुळे ते अधिक खरे उतरले आहेत असे माझे मत आहे. मुले का मेली हा एकच प्रश्न तेथे लेखकापुढे उरतो, आणि त्याला तो सोडता येत नाही.

हे सर्व लक्षात घेऊन पुन्हा मार्तीकडे वळले म्हणजे त्याचा लेख पहिल्या वाचनापेक्षाही मोठा वाटतो. त्याला पुढे काय होणार हे माहीत नव्हते. भुयारी रेल्वे नाही, पुतळा नाही, वार्षिक मेजवानी नाही. त्यामुळे झालेल्या दुःखाला कोणत्याही फळाची सावली पडलेली नाही. त्याच्या लेखाखाली १५ मार्च ही तारीख आहे. त्या गुरुवारी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर खोऱ्यांनी बर्फ उपसून गाड्या भरणे आणि त्या नदीत रिकाम्या करणे चालू होते. त्या मजुरांत इटलीहून आलेले लोक पुष्कळ होते. तुटलेल्या तारा रस्त्यांत पडलेल्या होत्या, खांब आडवे झाले होते, आणि ते काढून टाकण्यास सांगणारा कायदा चौथ्या वर्षात होता.